आमच्या गच्चीवर नसलेला तलाव

आमच्या गच्चीवर पोहण्याचा तलाव नव्हता, नाही आणि माझ्या हयातीत होणार नाही. हे वाक्य मी नगरपालिकेला साध्या कागदावर लिहून दिलं आहे, टाईप करून दिलं आहे, आणि एकदा तर तिथल्या शिपायाच्या सल्ल्यावरून लाल शाईने अधोरेखित करूनही दिलं आहे. तरी गल्लीतून जाताना अजून कोणीतरी विचारतंच, "काय, पोहणं चालू आहे ना?" मी हसून पुढे जातो. मोठी कामं करणाऱ्या माणसांना असलं सोसावं लागतं. आज आमच्या गल्लीतल्या निम्म्याहून जास्त गच्च्या पांढऱ्या आहेत. त्याचं श्रेय मला कोणी देत नाही, म्हणून ते मी स्वतःच घेतो.

सुरुवात ऑफिसातल्या एका व्याख्यानाने झाली. मी पेन्शनच्या ऑफिसात आहे. पेन्शन घेणारा माणूस जिवंत असल्याचा दाखला तपासणं हे माझं काम. माणूस समोर उभा असला, बोलत असला, अगदी भांडत असला, तरी दाखला नसेल तर माझ्या लेखी तो जिवंत नसतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण नियतीने पुढे याचं चांगलंच उट्टं काढलं. तर व्याख्यानाचा विषय होता 'पृथ्वीचं वाढतं तापमान', आणि हॉलमधला एसी इतका जोरात होता की आमच्या साहेबांनी टेबलावरचं कापड ओढून गुडघ्यांवर घेतलं होतं. बाकीचे हाताची घडी घालून, अंग चोरून झोपी गेले. मला थंडीत झोप लागत नाही. त्यामुळे ते व्याख्यान पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकणारा मी एकटाच.

व्याख्यात्या बाईंनी सगळं सोपं करून सांगितलं. आपण कोळसा जाळतो, तेल जाळतो, वर जंगलं तोडतो. त्यातून निघालेले वायू पृथ्वीभोवती गोधडीसारखे गुंडाळले जातात आणि उन्हाची ऊब आत अडकते. प्रत्येक पिढी वर आणखी एक गोधडी टाकते. मग उकडतं म्हणून आपण एसी लावतो. तो खोलीतली उष्णता उचलून बाहेर फेकतो, आणि तो चालवायला लागणारी वीज बहुतेक ठिकाणी पुन्हा कोळसा जाळूनच येते. "म्हणजे," बाई म्हणाल्या, "घरातला केर शेजाऱ्याच्या दारात लोटायचा, आणि वर झाडूही त्याच्याकडूनच मागून आणायचा." यावर मी टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच. साहेब दचकून जागे झाले आणि आभार मानायला उठले.

टाळ्या वाजवल्या, कारण तो शेजारी मीच होतो. आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो. डोक्यावर थेट गच्ची, गच्चीवर वर्षानुवर्षं काळं पडलेलं सिमेंट, आणि त्याखाली बरोबर माझ्या वडिलांची खोली. त्या खोलीला खिडकी एकच, आणि त्या खिडकीखाली आमच्या इमारतीच्या सेक्रेटरींच्या एसीचा डबा बसवलेला. सेक्रेटरी आमच्या खालीच राहतात. ते आत गारव्यात पेपर वाचत बसले की त्यांची सगळी उष्णता बाबांच्या खिडकीतून आत येते. म्हणून खिडकी बंद. म्हणजे वरून तवा आणि बाजूला शेगडी अशी बाबांची व्यवस्था होती.

बाबा याबद्दल कधी काही बोलले नाहीत. बाबांनी उभं आयुष्य बेकरीत भट्टीसमोर काढलं. पाव भाजणाऱ्या माणसाने 'उकडतंय' म्हणणं म्हणजे मासे पकडणाऱ्याने 'ओलं झालं' म्हणण्यासारखं, असं त्यांचं मत. त्यामुळे थंडी-उन्हाबद्दल त्यांच्या तोंडून एक शब्द आम्ही कधी ऐकला नव्हता. ते फक्त ओला टॉवेल डोक्यावर घेऊन भिंतीला टेकून बसत आणि विचारलं की म्हणत, "बरं आहे की." त्या उन्हाळ्यात मात्र एकदा ते बसल्या जागी कलंडले. डॉक्टर म्हणाले, उन्हाचा त्रास आहे, या वयात अशा खोलीत ठेवू नका.

डॉक्टरांचं बोलणं संपायच्या आत माझा धाकटा भाऊ हजर झाला. धाकट्याच्या घरी प्रत्येक खोलीत एसी आहे, एवढंच काय, त्याच्या कुत्र्यालाही स्वेटर आहे. तो म्हणाला, "दादा, एक तर या खोलीला एसी लाव, नाहीतर महिनाअखेरीला मी बाबांना घेऊन जातो."

"मी एसी लावणार नाही," मी म्हणालो. "आपल्या एसीचा डबा शेजारच्या लाँड्रीवाल्या वहिनींच्या खिडकीवर येईल. मग त्या लावतील. मग त्यांच्या पलीकडचे. हे कुठे थांबायचं?"

"तू व्याख्यानाला गेला होतास का?" धाकट्याने विचारलं. घरचे लोक माणसाला बरोबर ओळखतात.

"मी खोली गार करून दाखवतो. एसीशिवाय," मी म्हणालो.

"आणि नाही झाली तर?"

"तर घेऊन जा." हे बोललो आणि लगेच जीभ चावली. बाबा भिंतीला टेकून दोघांकडे आळीपाळीने बघत होते. त्यांचं चहाचं भांडं, त्यांचा रेडिओ, त्यांची सकाळी गॅलरीत उभं राहून समोरच्या बेकरीच्या पावाला नावं ठेवायची जागा, सगळं या घरात होतं. संध्याकाळी गॅलरीत उभे राहून माझी वाट बघणारेही तेच. ते म्हणाले, "तुम्ही ठरवा. मला काय, बरं आहे की." आता पृथ्वीचं काय व्हायचं ते होवो, माझे बाबा मला त्या खोलीत हवे होते.

उपाय व्याख्यानातच होता. काळी गच्ची ऊन पिते आणि खाली सोडते. पांढरी गच्ची ते आल्या पावली परत पाठवते. चुना लावायचा, बस. मला वाटलं, इतकी साधी गोष्ट आहे, रविवारी सकाळी सुरू करू आणि जेवायच्या आत आटोपू.

पण गच्ची सगळ्या इमारतीची. म्हणजे सभा आली. सभेला सेक्रेटरी अध्यक्ष, आणि एसी बंद करून आल्यामुळे ते आधीच घामाघूम आणि तिरसट. "पांढरी गच्ची? विमानांना त्रास होईल," ते म्हणाले. आमच्या वरून विमानं जातात हे खरं, पण ती आमच्या गच्चीकडे बघून उतरत नाहीत, असं मी नम्रपणे सांगितलं. दुसऱ्या मजल्यावर विज्ञान शिकवून निवृत्त झालेले सर राहतात. त्यांनी उभं राहून प्रकाशाचं परावर्तन समजावून सांगितलं, मग अपवर्तन, मग कोणी विचारलं नसताना भिंगांचे प्रकार. भिंगांपर्यंत लोक इतके कंटाळले की ठराव एकमताने मंजूर झाला. सेक्रेटरींनी फक्त एक अट घातली, "काही भानगड झाली तर जबाबदारी तुमची." ती अट मी हसत हसत मान्य केली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मग सल्ले सुरू झाले. सर म्हणाले, चुन्यात डिंक घाला, म्हणजे धरून बसेल. सेक्रेटरी म्हणाले, डिंक घातला तर मुंग्या येतील. माझी बायको म्हणाली, मुंग्या चुन्यात येत नाहीत, तुमच्या घरी येतात त्या वेगळ्या कारणाने. पण सगळ्यात वजनदार सल्ला लाँड्रीवाल्या वहिनींचा. त्या आमच्या शेजारी राहतात आणि तळमजल्यावर त्यांची लाँड्री आहे. आख्ख्या गल्लीचे शर्ट त्यांच्या हातून जातात, त्यामुळे पांढऱ्या रंगाबाबत त्यांच्यापुढे कोणी बोलत नाही.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "नुसता चुना पिवळट मारतो. थोडी नीळ घाला. पांढरं कसं डोळ्यांत भरलं पाहिजे."

मला ते पटलं. शर्टाला चालतं ते गच्चीला का चालू नये? शनिवारी संध्याकाळी मी मोठ्या पिंपात चुना भिजवला आणि त्यात बेताची नीळ टाकली. ऐकावे जनाचे, करावे मनाचे हे मला माहीत होतं, पण ते मला नेहमी काम झाल्यावर आठवतं. रविवारी पहाटे बायको गच्चीवर गेली. नवरा महत्त्वाचं ते हमखास विसरतो, हा तिचा संसारातला अनुभव. तिने पिंपात नीळ टाकली. त्यानंतर लाँड्रीवाल्या वहिनी कपडे वाळत घालायला वर आल्या. पेन्शनच्या ऑफिसातल्या माणसाला नीळ किती घालायची हे काय कळणार, असं मनाशी म्हणून त्यांनी दुकानातली बाटली आणून ओतली. तिघांनी आपापल्या परीने उपकार केले आणि तिघंही त्याबद्दल एक अक्षर बोललो नाही. पंगतीत तिघांनी मीठ टाकलेली आमटी जशी कोणाचीच नसते, तसं झालं.

ओला चुना असतो राखाडी. लावताना काही कळत नाही. मी, सर आणि बायको कुंचे घेऊन दुपारपर्यंत राबलो. सरांनी उलट्या बाजूने सुरुवात केली आणि कोपऱ्यात अडकले. पाय ठेवण्यापुरता चुना सुकेपर्यंत ते तिथूनच आम्हाला प्रकाशाविषयी सांगत राहिले. मी हातपाय धुऊन, अभिमानाने छाती फुगवून, चहा घेऊन पुन्हा वर गेलो, आणि दारातच थांबलो.

गच्ची निळी झाली होती. निळसर वगैरे नाही. पोस्टकार्डावर समुद्र असतो तशी निळी. पाण्याच्या टाक्यांच्या सावल्या तिच्यावर हलत होत्या, त्यामुळे लाटाही आहेत असं वाटत होतं. मी बघत असतानाच एक बगळा वरून आला, त्याने पाय खाली सोडले, सिमेंटवर टकटक आवाज करत उतरला आणि माझ्याकडे असं काही बघितलं की मी खाली मान घातली. एका पक्ष्याने माझा एवढा अपमान याआधी केला नव्हता.

"छान दिसतंय," बायको म्हणाली.

"छान दिसायला नव्हतं लावलं," मी म्हणालो.

"नीळ तुम्हीच टाकलीत ना?"

"मी बेताची टाकली."

"मीही बेताचीच," ती म्हणाली. तेवढ्यात लाँड्रीवाल्या वहिनी वर आल्या, त्यांनी गच्ची बघितली, रिकाम्या बाटलीकडे बघितलं आणि दोरीवरचे कपडे न काढताच परत गेल्या.

तो आठवडा आम्ही निळ्या गच्चीखाली काढला. समोरच्या इमारतीतल्या लोकांनी बायकोला वाढदिवस गच्चीवर करणार का म्हणून विचारलं. एक लहानसं विमान मात्र त्या आठवड्यात रोज घरघरत डोक्यावरून जायचं. मला वाटलं, सेक्रेटरी म्हणाले ते खरंच झालं की काय. पुढच्या रविवारी आम्ही नुसत्या चुन्याचे दोन हात दिले. या वेळी पिंपाशेजारी मी स्वतः खुर्ची टाकून बसलो होतो आणि कोणालाही जवळ येऊ दिलं नाही. गच्ची पांढरीशुभ्र झाली. इतकी, की वर जाताना डोळे बारीक करावे लागत.

आणि खोली खरोखरच बदलली. छताला हात लावला तर चटका बसत नव्हता. मी धाकट्याला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "तुला वाटणारच. बाबा काय म्हणतात?" बाबा काय म्हणणार? "बरं आहे की." तवा असतानाही बरं होतं आणि आताही बरंच होतं. माझ्या बाजूचा एकुलता एक साक्षीदार साक्षच देत नव्हता. शिवाय शेगडी तशीच होती, सेक्रेटरींचा डबा खिडकीखाली फुरफुरत होता आणि खिडकी बंदच होती.

अशात नगरपालिकेचं पाकीट आलं. गच्चीवर विनापरवाना जलतरण तलाव बांधल्याबद्दल खुलासा करावा, अन्यथा कारवाई करण्यात येईल. सोबत विमानातून काढलेला फोटो. पाण्याची टंचाई होती म्हणून नगरपालिका छुपे तलाव शोधत होती. फोटोत आमची गच्ची निळीशार, आणि काठावर कोणीतरी लांब काठी घेऊन उभं. ती काठी म्हणजे कुंचा होता आणि तो माणूस म्हणजे पांढरा हात द्यायला निघालेला मी. पाण्यातली पानं काढतोय असं वाटत होतं.

मी ऑफिसातून रजा घेऊन नगरपालिकेत गेलो. तिथल्या क्लार्कला सगळं नीट सांगितलं. चुना, नीळ, बायको, वहिनी, बगळा. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे तलाव नाही," तो म्हणाला.

"नाही."

"तसा दाखला आणा."

"जी वस्तू नाही तिचा दाखला कसा आणणार?"

"साहेब, तुम्ही नाही म्हणता. फोटो आहे म्हणतो. मी कोणाचं ऐकू?"

"मी तुमच्यासमोर उभा राहून सांगतोय ना."

"समोर उभं राहून काय होतं?" क्लार्क म्हणाला. हे वाक्य मी दिवसातून अनेकदा म्हणतो. पण ते खिडकीच्या अलीकडून ऐकायला इतकं वाईट लागतं, याची मला कल्पना नव्हती. मी निमूटपणे एक अर्ज लिहिला आणि पाहणीची विनंती केली.

पाहणीला इन्स्पेक्टर आला. भला माणूस, पण डोळ्यांवर काळा चष्मा आणि बगलेत तो फोटो. गच्चीवर जाऊन त्याने फोटो बघितला, गच्ची बघितली, पुन्हा फोटो बघितला.

"बुजवलात म्हणा की," तो म्हणाला.

"काय?"

"तलाव. इथे निळं होतं, आता पांढरं आहे. बुजवायची परवानगी घेतली होती?"

चोरी न करता चोरीचा माल परत केल्याचा गुन्हा माझ्यावर लागला. मी त्याला पुन्हा नीळ समजावली. तो म्हणाला, "मी मानतो हो तुमचं. पण वर काय लिहू? एखाद्या इंजिनिअरचं पत्र आणा, की या स्लॅबवर तलाव होऊच शकत नाही. मग मी सुटलो, तुम्ही सुटलात."

कल्पना चांगली होती. मी इंजिनिअर आणला. त्याने स्लॅब ठोकून बघितला आणि लिहून दिलं, की या इमारतीचा स्लॅब मजबूत आहे, मात्र पोहण्याच्या तलावाचं वजन त्याला पेलणार नाही. जगातल्या कुठल्याही साध्या घराला ते पेलत नाही. पण पत्राची प्रत इमारतीच्या दप्तरी हवी म्हणून मी सेक्रेटरींना दिली, आणि सेक्रेटरींनी त्यातलं स्वतःला झेपलं तेवढं वाचलं. संध्याकाळपर्यंत जिन्यात फलक लागला, 'स्लॅबला वजन पेलत नाही. गच्चीवर जाण्यास सक्त मनाई.' रात्रीच्या जेवणापर्यंत ही बातमी धाकट्याच्या घरी पोचली. ती तिथे कोणी पोचवली ते मला अजून कळलेलं नाही, पण वहिनींचा दीर त्याच्या गल्लीत राहतो.

धाकट्याचा फोन आला. "दादा, बाबांच्या डोक्यावरचा स्लॅब पडायला आलाय आणि तू चुना लावत बसलायस? महिनाअखेर वगैरे विसर. मी उद्या दुपारी गाडी घेऊन येतोय."

मी त्याला पत्र वाचून दाखवलं. त्याने फोन ठेवला होता. त्या दिवशी मी पहिल्यांदा खचलो, हे कबूल करतो. बायकोने बाबांची बॅग काढली आणि भरता भरता दोनदा पुन्हा रिकामी केली. बाबा म्हणाले, "रेडिओ राहू दे इथेच. तिकडे त्यांच्याकडे मोठा असेल." आणि गॅलरीत जाऊन समोरच्या बेकरीकडे बघत उभे राहिले. त्या दिवशी त्यांनी पावाला नावंसुद्धा ठेवली नाहीत.

दुसरा दिवस त्या उन्हाळ्यातला सगळ्यात वाईट. रस्त्यावर कुत्रं नव्हतं. भर दुपारी धाकटा आला तो थेट बॅगेपाशी गेला. त्याच्या पाठोपाठ इन्स्पेक्टर आला, पत्र न्यायला. तो दारात असतानाच खाली कुठेतरी धप्प आवाज झाला आणि आख्ख्या गल्लीची वीज गेली. सगळ्या घरांतल्या सगळ्या एसींनी एकदम ओढ घेतली की आमच्या गल्लीचा ट्रान्सफॉर्मर राजीनामा देतो. बाबांचा पंखा घरघरत थांबला.

"बघ," धाकटा म्हणाला. "आता तर पंखाही नाही. बाबा, चला."

पण वीज गेली तसा आणखी एक आवाज थांबला होता. खिडकीखालची फुरफुर. बायकोच्या ते आधी लक्षात आलं. तिने खिडकी सताड उघडली. इतके दिवस कोंडलेली ती खोली, वर थंड छत, आणि खिडकीतून आलेली झुळूक सरळ दारातून पलीकडे गेली. धाकटा शर्टाची वरची बटणं सोडत होता, तो मध्येच थांबला. मग त्याने छताकडे बघितलं.

"बूट काढ आणि वर जाऊन ये," मी म्हणालो.

"स्लॅब—"

"स्लॅब मजबूत आहे, पत्रात पहिलीच ओळ ती आहे. अनवाणी जा."

तो गेला. इन्स्पेक्टरही कर्तव्य म्हणून बूट काढून गेला. भर दुपारी आमच्या गच्चीवर दोघं अनवाणी हिंडून आले. इन्स्पेक्टरने म्हणे शेजारच्या इमारतीच्या काळ्या गच्चीवर कठड्यावरून एक पाय टेकवून बघितला, आणि तो पाय त्याने मांजरासारखा परत घेतला.

खाली येईपर्यंत बाबांच्या खोलीत माणसं जमायला लागली होती. आधी सर आले, त्यांना गुदमरत होतं. मग लाँड्रीवाल्या वहिनी. शेवटी सेक्रेटरी, बनियनवर, घामाने निथळत, हातात पेपरचा पंखा. एसीची घरं वीज गेल्यावर कशी होतात ते त्यांच्याकडे बघून कळत होतं. ते दारात घुटमळले.

"इथे जरा... बरं वाटतंय," ते म्हणाले.

"तुमचा एसी बंद आहे ना, म्हणून," बायको म्हणाली. "बसा. चहा ठेवते."

सेक्रेटरी खाली बघत बसले. मी पंगतीत वाढणाऱ्या यजमानासारखा सगळ्यांना जागा करून देत होतो. बाबा पलंगावर, सर खुर्चीत, वहिनी उंबऱ्यात, आणि इन्स्पेक्टर जमिनीवर भिंतीला टेकून. एका अनधिकृत तलावाच्या चौकशीला आलेला माणूस त्या तलावाखाली बसून घोरायला लागला. त्याला कोणी उठवलं नाही. नंतर त्याने जो शेरा मारला तो मी चौकट करून भिंतीला लावला आहे, 'पाहणीत तलाव आढळला नाही. गारवा आढळला.' जाताना त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "साहेब, मीही वरच्याच मजल्यावर राहतो. नीळ किती घालायची?" मी म्हणालो, "अजिबात नाही." गल्लीतली दुसरी पांढरी गच्ची त्याच्या घराची नाही, तो लांब राहतो. ती सेक्रेटरींच्या मेहुण्याची. पण हे सगळं पुढचं.

त्या दुपारी धाकटा मात्र उभाच होता. बॅग हातात होती. "ठीक आहे, गार आहे," तो म्हणाला. "पण आज आहे, दादा. उद्या यांचा एसी चालू झाला की पुन्हा खिडकी बंद."

सेक्रेटरींनी पेपरची घडी उलगडली, पुन्हा घातली. मग म्हणाले, "डबा मी दुसऱ्या भिंतीवर घेतो. रस्त्याच्या बाजूला." घाम पुसत पुढे म्हणाले, "आणि खाली एवढं तापत नसेल तर... तेवढा लागणारही नाही बहुतेक." माझ्या इमारतीच्या इतिहासात सेक्रेटरींनी न भांडता केलेलं हे पहिलं विधान. सरांनी ते दोनदा म्हणायला लावलं.

धाकट्याने बाबांकडे बघितलं. "बाबा, तुम्ही सांगा. तुम्हाला इथे त्रास होत असेल तर स्पष्ट सांगा. दादासाठी म्हणून गप्प बसू नका."

बाबांनी आमच्या दोघांकडे बघितलं. टॉवेल त्यांच्या मांडीवर होता, कोरडा. मला वाटलं, आता पुन्हा 'बरं आहे की' येणार, आणि त्या 'बरं आहे की'वर धाकटा बॅग उचलून चालायला लागणार. एवढा चुना, एवढी नीळ, एवढे अर्ज, सगळं त्या तीन शब्दांत बुडणार होतं.

तेवढ्यात वीज आली. खाली कुठेतरी टीव्ही ओरडला, इन्स्पेक्टर दचकून जागा झाला, आणि बाबांच्या डोक्यावरचा पंखा गरगर सुरू झाला. बाबांनी वर बघितलं. मग अंगावरचा सदरा गळ्याशी ओढून घेतला आणि माझ्याकडे वळून म्हणाले,

"अरे, पंखा जरा कमी कर."

धाकट्याने बॅग पलंगाखाली सरकवली. मी उठलो, आणि सगळ्यांच्या देखत, अगदी सावकाश, पंख्याचं बटण दोन घरं मागे फिरवलं.